शरीररचना शिकावी कोणाकडून?

घरातील मुलगा किंवा मुलगी वैद्यकीच्या पहिल्या वर्षात दाखल झाली, की पेढे वाटून होतात न होतात तोच एक नवा प्रश्न उभा राहतो. ‘ॲनाटमी फार जड जाते म्हणे, शिकवणी लावावी काय? आणि लावायची तर कोणाची?’ परिचारिकेचा, फिजिओथेरपीचा किंवा आयुर्वेदाचा अभ्यासक्रम घेतलेल्यांच्या घरीही हाच प्रश्न असतो. बारावीपर्यंत ज्यांनी प्रत्येक विषयाला शिकवणी लावली, त्यांना इथेही तोच उपाय सुचावा, यात नवल नाही. पण या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी हा विषय कोणत्या जातीचा आहे, हे पाहिले पाहिजे. गणिताचा शिक्षक आणि पोहण्याचा शिक्षक आपण एकाच कसोटीवर निवडत नाही. मग शरीररचनाशास्त्राचा शिक्षक कोणत्या कसोटीवर निवडावा?

सामान्य समजूत अशी, की हा पाठांतराचा विषय आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे, सहाशेहून अधिक स्नायू, शिवाय धमन्या, नीला आणि मज्जातंतू यांचे जाळे. या सर्वांची नावे घोकली, की विषय संपला! नावे पुष्कळ आहेत हे खरे. पण खरी अडचण नावांची नाही. कशाच्या पुढे काय आहे, कशाच्या मागे काय आहे, कशाखाली काय दडले आहे, ही शेजाराची माहिती म्हणजे हे शास्त्र. गावातील सर्व रहिवाशांची यादी पाठ असलेला मनुष्य आणि अंधारातही कोणत्याही घरी बिनचूक नेऊन पोहोचवणारा पोस्टमन, यांच्यात जो फरक आहे, तोच पाठांतर करणारा आणि शरीररचना जाणणारा यांच्यात आहे.

वाटल्यास प्रत्येकाने आपला डावा तळहात वर करून पाहावा. मनगटाच्या घडीपासून थोडे कोपराच्या बाजूला, अंगठ्याच्या अंगाला बोट ठेवले, की नाडी लागते. तिथे धमनी थेट हाडावर टेकलेली आहे, म्हणून तिचे ठोके बोटाला कळतात. आता मूठ आवळून मनगट किंचित आत वाकवा. नाडीच्या आतल्या बाजूला एक ताठ दोरी वर येईल. ती स्नायूची कंडरा होय. मग अंगठा व करंगळी यांची टोके एकमेकांस टेकवा. मनगटाच्या मधोमध दुसरी एक दोरी उभी राहील. काहींच्या हाताला ही दुसरी दोरी दिसणार नाही. त्यांनी घाबरून जाऊ नये. ती कित्येकांना नसतेच. एखाद्याला एका हाताला असते आणि दुसऱ्याला नसते. तिच्यावाचून हाताचे काही अडत नाही. म्हणूनच शरीरात दुसरीकडे कंडरा जोडायची वेळ आली, की शस्त्रवैद्य तीच काढून वापरतात. परंतु याच जागी, थोडा खोल, अंगठ्याच्या हालचाली आणि बोटांच्या स्पर्शाचे ज्ञान सांभाळणारा महत्त्वाचा मज्जातंतू आहे. काचेने मनगट कापलेला मनुष्य समोर आला, तर वैद्याला या तिन्हींचा शेजार बोटांच्या टोकावर ठाऊक असावा लागतो.

एवढ्या लहानशा प्रयोगातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही, की चित्र सपाट असते आणि शरीर खोल असते. दुसरी ही, की पुस्तकात एकच हात असतो, तर जगात प्रत्येकाचा हात थोडा निराळा. अपेंडिक्स कोणाचे मोठ्या आतड्याच्या मागे दडलेले, तर कोणाचे खाली लोंबणारे. पित्ताशयाकडे जाणारी धमनी कोणात एका ठिकाणाहून निघते, कोणात दुसऱ्या. पुस्तक सांगते ते बहुधा; समोरचा रोगी मात्र एकटाच असतो आणि ‘बहुधा’च्या भरवशावर त्याच्यावर सुरी चालवता येत नाही.

पुस्तकावर विसंबल्याने काय होते, याचा सर्वांत मोठा दाखला इतिहासातच आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गेलन हा वैद्य असामान्य बुद्धीचा होता. पण त्याने बहुतेक चिरफाड माकडे, डुकरे अशा जनावरांची केली आणि तीच रचना माणसाला लावली. पुढे सुमारे तेराशे वर्षे युरोपात त्याचा शब्द प्रमाण राहिला. विद्यापीठांत शवविच्छेदन होई, पण कसे? प्राध्यापक उंच आसनावर बसून ग्रंथ वाचीत, खाली न्हावी-शस्त्रकार कापी आणि तिसरा एक जण काठीने अवयव दाखवी. वाचणारा पाहत नसे आणि कापणाऱ्याला वाचता येत नसे. ग्रंथ आणि देह यांत फरक दिसला, तर चूक देहाची ठरे!

ब्रुसेल्सला १५१४ साली जन्मलेला आंद्रेआस व्हेसेलियस १५३७ मध्ये पाडुआ विद्यापीठात शिकवू लागला. त्याने एकच गोष्ट केली. तो आसनावरून खाली उतरला, सुरी स्वतःच्या हाती घेतली आणि विद्यार्थ्यांना टेबलाभोवती उभे केले. माणसाचा खालचा जबडा गेलन म्हणतो तसा दोन हाडांचा नसून एका हाडाचा आहे, उरोस्थीचे भाग सात नसून तीन आहेत, हे त्याने डोळ्यांनी पाहिले, दाखवले आणि १५४३ साली सात खंडांच्या सचित्र ग्रंथात छापले. म्हणजे शरीररचनेच्या आधुनिक शिक्षणाचा आरंभ एका शिक्षकाने आपली जागा बदलण्यापासून झाला. शिक्षक शोधताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: तो कोठे उभा राहतो? फळ्यापाशी, की देहापाशी?

आपल्याकडे सुश्रुताने हे फार पूर्वी ओळखले होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शव कसे निवडावे, आतड्यांतील मळ काढून ते गवत-वल्कलांत कसे गुंडाळावे, पिंजऱ्यात घालून एकांत जागी वाहत्या पाण्यात सात रात्री कसे ठेवावे आणि मग वाळा, बांबू, केस इत्यादींच्या कुंचल्याने हळूहळू घासून त्वचेपासून आतील एकेक थर डोळ्यांनी कसा पाहावा, याची सविस्तर रीत दिली आहे. शास्त्रात वाचलेले आणि प्रत्यक्ष पाहिलेले यांचा मेळ बसला, तरच ज्ञान वाढते, असे त्याचे स्पष्ट मत आहे. हाडांच्या संख्येत आज आपण त्याच्याशी सहमत होणार नाही, कारण तो तीनशे मोजतो. पण शिकण्याच्या रीतीत तो आपल्या पुढे होता. दुर्दैव असे, की पुढे शवस्पर्शाच्या विटाळाने ही रीत मागे पडली आणि वाचन तेवढे उरले.

ती पुन्हा सुरू व्हावयास १८३६ साल उजाडावे लागले. आदल्याच वर्षी कलकत्त्यास वैद्यकीय महाविद्यालय निघाले होते. संस्कृत कॉलेजात आयुर्वेद शिकवलेले पंडित मधुसूदन गुप्त यांनी तिथे शवविच्छेदनास हात घातला आणि काही विद्यार्थी त्यांच्यामागे गेले. त्या दिवशी फोर्ट विल्यममधून तोफांची सलामी दिली गेली, अशी आख्यायिका आहे. शिक्षकाने आधी स्वतः विटाळ ओलांडला, म्हणून विद्यार्थ्यांना तो ओलांडता आला. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले.

या कॉलेजाशी निगडित एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. हेन्री ग्रे याचे शरीररचनेवरील पुस्तक १८५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही निघत आहेत. त्यातील चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टर या तरुण डॉक्टराने काढली. त्याने अवयवांची नावे चित्राच्या कडेला न लिहिता त्या त्या अवयवावरच लिहिली. त्यामुळे विद्यार्थ्याचा डोळा इकडेतिकडे धावेनासा झाला. ग्रे १८६१ मध्ये देवीच्या रोगाने ऐन तारुण्यात वारला. कार्टर मात्र पुस्तक निघाले त्याच वर्षी मुंबईस आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना व शरीरक्रिया शिकवू लागला. पुढे काही वर्षे तो साताऱ्यास सिव्हिल सर्जन होता. म्हणजे ज्या पुस्तकातून जगभरचे विद्यार्थी घरी बसून शिकत होते, त्या पुस्तकाचा चित्रकार आपल्याकडच्या मुलांना हाडे हातात देऊन शिकवीत होता! पुस्तक इतके चांगले असूनही वर्ग बंद पडले नाहीत, यातच पुस्तकाची मर्यादा दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शिकवणारा हवा, हे ठरले. तो ओळखावा कसा? मला चार कसोट्या सांगाव्याशा वाटतात.

पहिली कसोटी, तो हातात काय घेऊन येतो. वही घेऊन येणारा आणि हाड घेऊन येणारा, यांत दुसरा निवडावा. गळपट्टीचे हाड विद्यार्थ्याच्या हाती देऊन तो विचारील, ‘उजवे की डावे?’ हा प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर पाठांतराने येत नाही. कोणते टोक जाड व कोणते चपटे, कोणता बाक पुढे आणि कोणती बाजू खाली, या तिन्हींचा विचार करून हाड आपल्याच गळ्याशी धरावे लागते. एक हाड असे नीट धरता आले, की त्याला चिकटणारे स्नायू आपोआप आठवू लागतात.

दुसरी कसोटी, तो अधिक सांगतो की अधिक विचारतो. तासभर अस्खलित बोलणाऱ्या शिक्षकापुढे विद्यार्थ्याला सर्व समजल्यासारखे वाटते आणि घरी गेल्यावर काहीच सांगता येत नाही. चांगला शिक्षक खडू विद्यार्थ्याच्या हाती देतो. ‘काखेतील धमनी काढ, तिच्याभोवतीचे मज्जातंतू काढ’ असे म्हणून स्वतः गप्प बसतो. चित्र वाईट आले तरी चालेल; पण जे रेखाटता येत नाही, ते समजलेले नाही.

तिसरी कसोटी, तो नावाला अर्थ देतो काय. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना लॅटिन-ग्रीक नावांचा धसका असतो. वास्तविक ही नावे ज्यांनी ठेवली, ती माणसे आपल्या आजीबाईंसारखीच घरगुती उपमा देणारी होती. गळपट्टीचे हाड ‘क्लॅव्हिकल’, म्हणजे लहानशी किल्ली. गुडघ्याची वाटी ‘पटेला’, म्हणजे लहान ताटली. आपण वाटी म्हणतो, त्यांनी ताटली म्हटले! नडगीचे हाड ‘टिबिया’, म्हणजे बासरी. तिच्या शेजारचे बारीक हाड ‘फिब्युला’, म्हणजे वस्त्र अडकवण्याची पिन. पाठीच्या कण्याचे शेवटचे टोक ‘कॉक्सिक्स’, म्हणजे कोकिळेसारख्या पक्ष्याची चोच. हे मराठीतून सांगणारा शिक्षक मिळाला, की अर्धी भीती तिथेच जाते. परीक्षा इंग्रजीत द्यावी लागली, तरी समजणे आपल्या भाषेत व्हायला कोणाची हरकत नसते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी म्हणजे तो प्रत्येक गोष्ट रोग्यापर्यंत नेऊन सोडतो काय. कुल्ल्यात इंजेक्शन द्यायचे, तर वरच्या बाहेरच्या चतुर्थांशात द्यावे, हे पाठ असते. का? तर आतल्या व खालच्या भागातून पायाकडे जाणारा शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू उतरतो. त्यात सुई गेली, तर पाऊल लुळे पडू शकते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला लागून स्वरयंत्राकडे जाणारा मज्जातंतू असतो. डावीकडचा छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेतो आणि पुन्हा वर येतो. उजवीकडचा गळ्याच्या मुळाशीच वळतो. ग्रंथीची शस्त्रक्रिया करताना त्याला इजा झाली, तर रोग्याचा आवाज बसतो; दोन्हीकडे झाली, तर श्वासही अडतो. ज्याला हा वळसा केवळ परीक्षेचा प्रश्न म्हणून शिकवला, तो परीक्षेनंतर तो विसरेल. ज्याला एका गायिकेच्या किंवा शिक्षकाच्या आवाजाशी जोडून शिकवला, तो विसरणार नाही.

या कसोट्यांना उतरणारा मनुष्य शोधायला फार दूर जावे लागत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात ‘ट्यूटर’ या नावाचे पद असते. त्यांचे कामच टेबलापाशी उभे राहून दाखवण्याचे. पण भिडेपोटी मुले त्यांना विचारीत नाहीत आणि तेच बाहेर पैसे मोजून विचारतात. आधी तिथे जावे. मग एक-दोन वर्षे पुढे असलेला विद्यार्थी पाहावा. त्याला आपण कुठे अडखळलो ते ताजे आठवते. शिवाय शिकवण्याने त्याचाही विषय पक्का होतो. तिसरा, सेवानिवृत्त प्राध्यापक. आपल्या गावात असा कोणी असेल, तर त्याच्याकडे दोन-चार मुलांनी मिळून जावे. संगणकावरील त्रिमिती चित्रे, दूरस्थ शिकवण्या यांचाही उपयोग आहे. उजळणीला ती उत्तम. मात्र पडद्यावर थर बोटाने बाजूला सारता येतो, तो देहात तसा सरत नाही. त्याला चिमट्याने सोडवावे लागते आणि त्या सोडवण्यातच शिकणे असते. आणि ‘हमखास येणारे प्रश्न’ विकणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. रोगी हमखास येणारा प्रश्न घेऊन येत नाही.

ज्यांना विच्छेदनगृहाची वाट मोकळी नाही, त्या योगशिक्षकांनी, चित्रकारांनी, मालिश करणाऱ्यांनीही निराश होऊ नये. आपला स्वतःचा देह सदैव जवळ आहे. त्यावर बोटाने हाडांच्या कडा व कंडरा शोधता येतात. खाटकाकडून बकऱ्याचे हृदय किंवा गुर्दा आणून कापून पाहिला, तर त्यातील झडपा व कप्पे पुस्तकातील चित्राहून अधिक काही सांगतात.

येथवर शिकवणाऱ्यांचा विचार झाला. पण ज्याच्यावाचून हे सर्व शिक्षक पांगळे, त्या शिक्षकाविषयी अजून बोललो नाही. तो म्हणजे टेबलावरचा देह.

हा देह कोठून येतो? युरोपात या प्रश्नाचे उत्तर फार काळ लाजिरवाणे होते. विल्यम हंटर याने १७४६ मध्ये लंडनला खाजगी वर्ग उघडला, तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः विच्छेदन करावयास मिळेल, हे त्याचे आकर्षण होते. असे वर्ग वाढले, तशी शवांची मागणी वाढली आणि थडगी उकरणाऱ्यांचा धंदा तेजीत आला. एडिंबरोत रॉबर्ट नॉक्स या लोकप्रिय शिक्षकाच्या वर्गाला शवे पुरवण्यासाठी बर्क आणि हेअर या दोघांनी १८२८ सालापर्यंत सोळा माणसांचे खून केले. बर्कला १८२९ मध्ये फाशी झाली. नॉक्सवर खटला झाला नाही. पण खिडकीखाली जमलेल्या लोकांचा संताप त्याला पाहावा लागला. यानंतर १८३२ चा कायदा झाला आणि बेवारस शवे महाविद्यालयांना मिळू लागली. चोरी थांबली, पण भार पडला तो ज्यांना कोणी नाही अशा गरिबांवर. आपल्याकडे १९४९ चा मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियम आला, तोही बेवारस देहांच्याच तरतुदीवर उभा होता.

आज स्वेच्छेने देहदान करणारे लोक निघत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. थायलंडमध्ये अशा देहाला ‘आचान याइ’, म्हणजे थोर गुरू, म्हणतात. त्यातील ‘आचान’ हा आपलाच ‘आचार्य’. आपल्याकडेही अनेक महाविद्यालयांत पहिल्या दिवशी विद्यार्थी या देहापुढे उभे राहून त्याचा आदर राखण्याची शपथ घेतात. विचार करा, हा गुरू वरील चारही कसोट्यांना उतरतो. त्याच्या हाती वही नाही. तो काही सांगत नाही, सतत विचारतो. तो पुस्तकाप्रमाणे नाही, स्वतःसारखा आहे. आणि त्याच्याकडून शिकलेले थेट रोग्याच्या कामी येते. त्याच्यावर चुकलेली सुरी कोणाला दुखवीत नाही. ती चूक तिथेच झाली, म्हणून पुढे जिवंत माणसावर होत नाही.

तेव्हा आपल्या मुलांसाठी शिक्षक शोधणाऱ्या नागरिकांनी एवढेही ध्यानात घ्यावे, की या शिक्षकाची नेमणूक सरकार किंवा महाविद्यालय करू शकत नाही. ती केवळ आपण करू शकतो. महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात त्यासाठी अर्ज मिळतो. तो भरून कपाटात ठेवणे पुरेसे नाही. मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकांनी वेळ न दवडता कळवले आणि संमती दिली, तरच देह स्वीकारला जातो. म्हणून हयातीतच मुलाबाळांशी मोकळेपणे बोलून ठेवावे. पोलिसी चौकशीचा मृत्यू, काही संसर्गजन्य रोग अशा कारणांनी देह नाकारलाही जातो. तसे झाले, तर घरच्यांनी अपमान मानू नये. नेत्रदान आणि देहदान सहसा दोन्ही करता येतात. त्याविषयीही त्याच विभागात विचारून घ्यावे.

ज्ञानदानाला आपण श्रेष्ठ दान म्हणतो. ते करावयास विद्वान असावे लागते, अशी आपली समजूत आहे. या एका शास्त्रात मात्र निरक्षर शेतमजूर आणि विद्यापीठाचा कुलगुरू यांना शिक्षक होण्याचा सारखाच अधिकार आहे.